फँटसी सिरीज कशी वाचायची, कुठे सोडायची आणि तिच्याबद्दल मत कधी बनवायचं

तेरा-चौदा भागांची सिरीज समोर आली की वाचणाऱ्यांचे दोन प्रकार पडतात, एक म्हणजे जाडी बघूनच लांब पळणारे आणि दुसरे म्हणजे पहिलं पान उलटायच्या आधीच अख्खा सेट आणून ठेवणारे, मग तो सेट वर्षभर कपाटातून आपल्याकडे रोखून बघतोय असं वाटत राहतं. मी दुसऱ्यातली. असे तीन सेट अर्धवट सोडलेत, एक पूर्ण केला पण त्यातली शेवटची चार पुस्तकं नुसती संपवली, वाचली असं म्हणवत नाही, आणि त्यातून जे काय शहाणपण आलं ते इथे लिहितेय. उपयोग झाला तर झाला, नाहीतर निदान भांडायला विषय मिळेल.

सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच की आपण सिरीज वाचायला घेतो आणि घ्यायला हवं असतं पुस्तक. पुढचा भाग का वाचायचा याचं कारण हातातल्या भागानं द्यायला हवं, नाही दिलं तर तुमच्यावर कसलंही बंधन नाही, मग आधीचे दोन वाचलेले असोत नाहीतर दहा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठून सुरू करू, क्रम काय, मधेच सोडू का, अर्धवट राहिलेली सिरीज वाचू का, बहुतेक प्रश्न निम्मे होतात.

सुरुवात बारीक पुस्तकानं करा

फँटसी पहिल्यांदाच वाचणाऱ्याला थेट हजार पानांचा ठोकळा देणारे मित्र असतात, त्यांचा हेतू चांगला असतो पण त्यांचं ऐकू नका. उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या, १९६८चं आहे, दोनशेच्या आसपास पानं. गेड नावाचा एक हुशार पण गर्विष्ठ पोरगा, जादूच्या शाळेत जातो, दुसऱ्याला दाखवायच्या नादात नको ती जादू करतो आणि त्यातून एक सावली मोकळी सुटते जी त्याच्या मागे लागते. बास. मोठं युद्ध नाही, काळा सम्राट नाही, निवडलेला तारणहार नाही. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर ताबा येतो, एवढ्या एका कल्पनेवर सगळी जादू उभी आहे. पुस्तक तिथल्या तिथे पूर्ण होतं, पुढचा भाग वाचला नाही तरी काही लटकत राहत नाही. पहिल्या पुस्तकाकडून मला एवढंच हवं असतं.

हे नको असेल तर आधी स्वतःला विचारा की फँटसी सोडून एरवी मला काय आवडतं. चोरांची टोळी, मोठा बेत, बेत फसणं वगैरे आवडत असेल तर ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न' (२००६), त्यात लोक धातू गिळतात आणि पोटात 'जाळून' शक्ती मिळवतात, ऐकायला विचित्र आहे पण नियम इतके चोख आहेत की वीस-पंचवीस पानांत आपणही हिशोब करायला लागतो. माणसाच्या आतली घालमेल आवडत असेल तर रॉबिन हॉबचं 'असॅसिन्स अ‍ॅप्रेंटिस' (१९९५). हसायचं असेल तर टेरी प्रॅचेट. सत्तेचं राजकारण आणि कटकारस्थानं हवी असतील तर 'अ गेम ऑफ थ्रोन्स'वाला जॉर्ज आर. आर. मार्टिन, त्याच्याबद्दल खाली बोलूच कारण तिथे जरा जपून जायला लागतं. आणि शांत, गूढ, एकटं असं काही हवं असेल तर सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०), न संपणाऱ्या दालनांचं घर, पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि एक माणूस जो रोजनिशी लिहितोय. हे सिरीज नाहीच, पण 'फँटसी माझ्यासाठी नाही' म्हणणाऱ्या दोघांना मी हे दिलं आणि दोघांनीही पुढे अजून मागितलं. म्हणून सांगतेय.

आता टोल्किन. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला लोक ट्रिलजी म्हणतात पण त्यानं ते एकच पुस्तक म्हणून लिहिलं होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकानं १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढलं. हे माहीत असणं कामाचं आहे, कारण पहिला खंड संपल्यावर 'हे काय, मधेच संपलं' असं जे वाटतं त्यात लेखकाचा दोष नाही, ती नुसती कापलेली जागा आहे. म्हणजे माझ्या वरच्या नियमाला हा पहिला अपवाद, इथे तिन्ही मिळून एक पुस्तक धरा. वाचायची पद्धत सांगते. हॉबिट म्हणजे त्यातल्या बुटक्या लोकांच्या चालीरीती आणि तंबाखूबद्दलची सुरुवातीची प्रस्तावना पहिल्या वेळी सरळ उडवा, नंतर ती फार गोड वाटते पण आधी वाचली तर माणूस तिथेच झोपतो. गाणी आवडली तर वाचा, नाही तर नजर फिरवा. पण एलरॉन्डच्या घरची ती लांबलचक सभा मात्र कंटाळा आला तरी उडवू नका, पुढची सगळी दिशा तिथे ठरते आणि खरंतर कोण कसं बोलतंय याकडे कान दिला तर ती सभा जाम मजेशीर आहे, प्रत्येकाची भाषा वेगळी. शेवटची परिशिष्टं चाळून बघा, त्यात रमलात तरच 'सिल्मरिलियन'कडे जा (ते टोल्किन गेल्यावर १९७७ मध्ये त्याच्या मुलानं संपादित करून काढलं). परिशिष्टं नकोशी वाटली तर ते तुमच्यासाठी नाही, उगाच स्वतःला त्रास देऊ नका.

क्रमाचं भांडण

यावर लोक इतके हमरीतुमरीवर येतात की बास. माझं मत साधं आहे, पुस्तकं ज्या क्रमानं बाहेर आली त्याच क्रमानं वाचा, कारण लेखकाला काय लपवायचं होतं आणि काय कधी सांगायचं होतं ते त्या क्रमात असतं. सी. एस. लुईसच्या मुलांसाठीच्या नार्नियाचंच घ्या, सात पुस्तकं, १९५० ते १९५६. आता ती कथेतल्या काळाप्रमाणे नंबर टाकून विकली जातात आणि 'द मॅजिशियन्स नेफ्यू', जे १९५५ मध्ये सहावं आलं होतं, ते पहिलं धरतात. गंमत म्हणजे खुद्द लुईसनं १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात लिहिलं होतं की मला तुझाच म्हणजे काळाप्रमाणे लावलेला क्रम जास्त पटतो, आणि लगेच पुढे असंही की क्रमाला एवढं महत्त्व बहुतेक नसावं. तरी मी लेखकाच्या विरोधात आहे. १९५०च्या पुस्तकात कपाटातून पलीकडे गेल्यावर बर्फाळ जंगलात मधोमध एक दिवा जळतोय, रस्ता नाही काही नाही, नुसता दिव्याचा खांब, हे दृश्य काही न सांगता समोर यायला पाहिजे. तो खांब तिथे कसा आला हे 'नेफ्यू' वाचून आधीच कळलं तर काय उरलं. उत्तर आधी आणि कोडं नंतर, असं होतं ते.

तसंच रॉबर्ट जॉर्डनच्या व्हील ऑफ टाइम या सिरीजचं. 'न्यू स्प्रिंग' नावाचं आधीच्या काळातलं पुस्तक आहे, ते २००४ मध्ये आलं, त्यानं सुरुवात करू नका, त्यातली माणसं तुम्हाला आधीच ओळखीची आहेत असं धरून ते लिहिलंय. विचरच्या बाबतीत मात्र लोक उलटी चूक करतात, थेट कादंबऱ्यांना हात घालतात. सापकोव्स्कीच्या दोन कथासंग्रहांपासून सुरू करा, 'द लास्ट विश' आणि 'सोर्ड ऑफ डेस्टिनी', राक्षस मारणारा गेराल्ट आणि पोरगी सिरी यांचं नातं त्या कथांमध्ये घडतं, ते न वाचता 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज' उघडलं तर दुसऱ्याच्या घरच्या भांडणात मधेच शिरल्यासारखं होतं. शिवाय माझ्या मते त्या कथाच त्याचं सगळ्यात चांगलं काम आहे, पुढच्या कादंबऱ्या विस्कळीत होत जातात.

रॉबिन हॉबच्या एकाच जगातल्या सोळा पुस्तकांत पाच उपसिरीज आहेत, आणि दुसऱ्या उपसिरीजमध्ये, म्हणजे लाइव्हशिप ट्रेडर्समध्ये, आपला लाडका फिट्झ, 'असॅसिन्स अ‍ॅप्रेंटिस'चा नायक, नाहीये म्हणून लोक ती गाळतात आणि थेट तिसरीवर उडी मारतात. मीही मारली होती. नंतर परत मागे जाऊन वाचली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला, कारण फिट्झपेक्षा ती बोलणारी जहाजं आणि ते व्यापारी घराणं जास्त दमदार आहे आणि शेवटच्या तीन पुस्तकांत जे होतं त्याची मुळंही तिथे आहेत.

क्रम पाळायचा नाही असं एकच मोठं नाव मला माहितीये, टेरी प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड. ४१ कादंबऱ्या, १९८३ पासून २०१५ पर्यंत, आणि पहिली दोन पुस्तकं सगळ्यात कच्ची, त्यात प्रॅचेट नुसती फँटसीची टिंगल करतोय, स्वतःचं जग अजून त्याला सापडलेलं नाही. 'मॉर्ट' घ्या (मृत्यू स्वतः हाताखाली एक पोरगा शिकाऊ म्हणून ठेवतो), किंवा 'गार्ड्स! गार्ड्स!' (पहारेकऱ्यांची रिकामटेकडी तुकडी आणि शहरात ड्रॅगन), किंवा एकच वाचणार असाल तर 'स्मॉल गॉड्स', त्यात एक महान देव कासव होऊन पडलाय कारण त्याच्यावर खरा विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलाय. श्रद्धा आणि संस्था यांच्यावर एवढं नेमकं आणि तरी मायेनं लिहिलेलं मी तरी फँटसीबाहेरही फार वाचलं नाही.

नावांचा पूर आला की

पहिल्या शंभर पानांत पन्नास नावं, वीस गावं, तीन धर्म आणि एक नकाशा ज्यात नेमकं हवं ते गाव नसतं. मी पूर्वी वही घेऊन तक्ते करायचे. करू नका, परीक्षेला बसल्यासारखं होतं. ज्याची गरज आहे त्याला लेखक परत परत समोर आणतो, जो परत येत नाही तो विसरायलाच होता. मार्टिनच्या पहिल्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ज्याच्या नजरेतून ते चाललंय त्याचं नाव असतं, आणि 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये सुरुवातीचं छोटं प्रकरण सोडलं तर असे फक्त आठ जण आहेत. त्या आठांना धरून राहा, बाकीचे सरदार, त्यांची मुलं, त्यांचे घोडे, सगळे त्या आठांचे कोण लागतात एवढंच बघा. पुस्तकाच्या मागची घराण्यांची यादी मात्र पहिल्या वाचनात उघडू नका, एखाद्या नावापुढे नको ते वाचायला मिळतं.

मलाझन नावाच्या सिरीजचं प्रकरण वेगळंय. स्टीव्हन एरिक्सन शिक्षणानं मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व यातला, आणि तो तुम्हाला उत्खननात उतरवल्यासारखं उतरवतो, खापरं समोर टाकतो, भांडं तुम्ही जोडा. 'गार्डन्स ऑफ द मून' (१९९९) वाचताना 'मला काहीच कळत नाहीये' असं वाटलं तर तुमचं डोकं ठीक आहे, पुस्तकच तसं आहे. दोन प्रकरणं मागे जाऊन परत वाचू नका, उत्तर मागे नसतंच. पुढे जात राहा. माझं असं झालं की दीडशे पानं सगळं डोक्यावरून गेलं आणि मग एका प्रसंगात दोन सैनिक नुसते थकून एकमेकांशी बोलत होते आणि ते बोलणं इतकं खरं होतं की मी म्हटलं ठीक आहे, देव-बिव नंतर समजून घेऊ, आधी या दोघांबरोबर चालू.

सोडायचं कधी

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक प्रसिद्ध नियम आहे, पुस्तकाला ५० पानं द्या, नाही जमलं तर सोडा, आणि तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा, येईल तेवढीच पानं द्या. म्हणजे साठीच्या माणसानं ४० पानं. मला हे फार आवडतं, वय वाढेल तशी सूट वाढते. पण जाड फँटसीला ५० पानं म्हणजे नुसतं अंगण झालं, घरात अजून शिरलोच नाही, म्हणून मी पुस्तकाचा पाव हिस्सा देते. आणि पाव हिस्सा झाल्यावर प्रश्न 'कंटाळा येतोय का' हा विचारायचा नाही, कंटाळा चांगल्या पुस्तकातही येतो. विचारायचं हे की यातल्या एकाही माणसाचं पुढे काय होतं ते मला जाणून घ्यायचंय का. एक जरी निघाला तर पुढे. एकही नाही तर बंद, आणि बंद करताना वाईट वाटून घ्यायचं नाही.

'चौथ्या पुस्तकापासून जाम भारी होतं' हे वाक्य ज्यानं कोणी तुम्हाला सांगितलं असेल त्याला नम्रपणे सांगा की मग लेखकानं चौथ्यापासून सुरू करायला हवं होतं. तीन पुस्तकं म्हणजे दोन-अडीच हजार पानं, तेवढ्यात दहा वेगळे लेखक वाचून होतात. एकच सूट मी देते, दुसऱ्या पुस्तकाची, तीही फक्त पहिल्यात काहीतरी एक खरंच चांगलं वाटलं असेल तर. मलाझनचं दुसरं पुस्तक दुसऱ्याच खंडावर जातं, बहुतेक माणसं नवी, आणि तिथे एरिक्सनचा हात बसलेला कळतो.

मधल्या भागांत गाडी रुतते ती वेगळी गोष्ट. व्हील ऑफ टाइम याचं सगळ्यात मोठं उदाहरण, १९९० मध्ये सुरू झालेली सिरीज, पहिली पाच-सहा पुस्तकं धावतात, मग वेग मंदावत मंदावत दहाव्या पुस्तकापर्यंत, म्हणजे २००३च्या 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'पर्यंत, जवळजवळ थांबतोच. नवव्याच्या शेवटी जग हलवणारी घटना घडते आणि दहाव्यात बराच वेळ आपण हे बघत बसतो की ती घडत असताना बाकीचे लोक कुठे काय करत होते. कपडे, अंघोळ, चहा, परत कपडे. माझा सल्ला, दहाव्याचा प्रकरणवार सारांश वाचा आणि अकरावं घ्या, २००५चं 'नाइफ ऑफ ड्रीम्स', त्यात गाडी पुन्हा सुटते. यात फसवणूक कसली? लेखकाला पानं लिहायचं स्वातंत्र्य आहे तसं आपल्याला ती उलटायचं आहे. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, मागे टिपणं ठेवून, आणि त्याची बायको हॅरिएट, जी त्याची संपादकही होती, तिनं सँडरसनची निवड केली. एकच शेवटचं पुस्तक व्हायचं होतं त्याची तीन झाली, शेवटचं २०१३ मध्ये. मला ती तीन आवडली, फक्त मॅट नावाचं पात्र सँडरसनच्या हातात आल्याबरोबर जबरदस्तीनं विनोद करायला लागतं, ते खटकलंच. पण दुसऱ्यानं मांडलेला डाव हातात घेऊन शेवटपर्यंत नेणं सोपं नाही, आणि शेवट मिळाला हे काय कमी आहे.

शेवट न मिळालेल्या सिरीज

'पूर्ण होईपर्यंत हातच लावणार नाही' म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही, पण डोळे उघडे ठेवून जावं. मार्टिनची पाच पुस्तकं आलीत, पहिलं १९९६, पाचवं २०११, सात ठरलीत, सहाव्याची वाट बघता बघता टीव्हीवरची मालिका संपूनही गेली. माझ्या मते पहिली तीन, म्हणजे 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स'पर्यंत, अशी वाचता येतात की तिथे थांबलात तरी एक मोठा घास पूर्ण गिळल्यासारखं वाटतं. चौथं आणि पाचवं मुळात एकच पुस्तक, फार मोठं झालं म्हणून माणसांप्रमाणे आणि प्रदेशांप्रमाणे वाटलं, त्यामुळे चौथ्यात टिरियन, जॉन, डेनेरिस या लाडक्या पात्रांच्या नजरेतली प्रकरणंच नाहीत आणि वाचणारे चिडले. मार्टिननं चौथ्याच्या शेवटी पुढच्या वर्षी उरलेला भाग येईल अशी आशा लिहिली होती, आला सहा वर्षांनी. मला मात्र 'अ फीस्ट फॉर क्रोज' फार आवडतं, आणि हे मत ऐकून लोक माझ्याकडे विचित्र बघतात. राजे मेले, लढाया झाल्या, आणि आता जळलेल्या गावांतून एक बाई कोणाला तरी शोधत चाललीये, वाटेत भेटतात ते भिक्षू, पळालेले सैनिक, अनाथ पोरं. युद्धानंतर काय उरतं ते आधीच्या तीन पुस्तकांत नाही, इथे आहे. फक्त पुढे काय होणार या घाईनं वाचलं तर त्यात काहीच हाताला लागत नाही.

पॅट्रिक रॉथफसचं जरा जास्त अवघड आहे. 'द नेम ऑफ द विंड' २००७, दुसरं २०११, तिसरं नाही. आणि रचनाच अशी की नायक आपली गोष्ट तीन दिवसांत सांगणार, एक पुस्तक म्हणजे एक दिवस, म्हणजे तिसऱ्या दिवसाशिवाय ते उघडं पडलेलं घर आहे. तरी पहिलं पुस्तक भाषेसाठी वाचा. दुसऱ्याची मला तेवढी ओढ वाटली नाही. लेखकाला शिव्या घालत बसायची हौस मात्र मला कळत नाही, आपण एक पुस्तक घेतलं होतं आणि ते मिळालं.

मत कधी आणि कसं

पुस्तक मिटल्यावर त्याच दिवशी तीन ओळी लिहा, वहीत, फोनवर, कुठेही. एक, काय अडकून राहिलं. दोन, कुठे पानं भराभरा उलटली. तीन, हे मी कोणाला देईन. रेटिंग, परीक्षणं, लोकांची भांडणं सगळं त्यानंतर बघायचं. आधी बघितलं की दुसऱ्याचं मत आपल्या तोंडून यायला लागतं आणि आपल्यालाच कळत नाही. माझं 'द फिफ्थ सीझन'बद्दल असंच झालं. एन. के. जेमिसिनची ती ट्रिलजी २०१५ ते २०१७, तिन्ही पुस्तकांना ओळीनं ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार, असं सलग तीन वर्षं कादंबरीसाठी मिळालेली ती पहिलीच, त्यामुळे मी आधीच हात जोडून वाचायला बसले आणि चांगलंच असणार असं धरून पुढे गेले. खरंतर त्यातला एक धागा 'तू' म्हणून सांगितलाय, तू उठतेस, तू चालतेस, आणि तो मला सुरुवातीला भयंकर टोचत होता. पण मी ते स्वतःशीही कबूल केलं नाही. टोचतंय हे लिहून ठेवलं असतं तर पुढे जेव्हा त्याचं कारण उलगडलं तेव्हाचा झटका दुप्पट बसला असता, तो मी पुरस्कारांच्या भीतीनं घालवला.

दुसरं म्हणजे एका पुस्तकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावू नका. सँडरसनचं जादूबद्दल एक तत्त्व आहे, की वाचणाऱ्याला जादू जेवढी समजली असेल तेवढ्याच प्रमाणात लेखकानं तिचा वापर करून अडचण सोडवावी. त्याच्या पुस्तकांना ते फिट बसतं. पण ते घेऊन लोक टोल्किनकडे जातात आणि म्हणतात गँडाल्फ या जादूगाराला नक्की काय काय येतं तेच कळत नाही. अहो पण टोल्किनचा मोठा पेच जादूनं सुटतच नाही, दोन दमलेली माणसं चालत जातात म्हणून कथा पुढे जाते. तिथे जादू हवेसारखी आहे, तिचे नियम मागणं म्हणजे चांदण्याचं बिल मागणं. क्लार्कचं 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) तर अजून तिसऱ्याच वाटेनं जातं, ढीगभर तळटीपा, जादू म्हणजे तिथे जुनी पुस्तकं, विद्वानांची भांडणं आणि इतिहास, आणि तळटीपा उडवल्यात तर अर्धी गंमत गेली (म्हणजे टोल्किनची प्रस्तावना उडवा म्हणणारी मीच हे सांगतेय, असो).

आणि 'मला आवडलं नाही' आणि 'वाईट आहे' यात फरक ठेवा. जो अ‍ॅबरक्रॉम्बीची 'फर्स्ट लॉ' मला आवडत नाही, सगळेच स्वार्थी, सगळ्यांच्याच आशेवर पाणी, तिसऱ्या पुस्तकापर्यंत मी दमले. पण ग्लोक्टा नावाचा तो स्वतः छळ सोसलेला आणि आता दुसऱ्यांचा छळ करणारा माणूस, जिन्याच्या पायऱ्यांना घाबरणारा, असं पात्र लिहायला हात लागतो. वाईट मुळीच नाही ते. माझं नाही, एवढंच.

मधे मधे दुसरं काहीतरी

सलग तीन जाड भाग वाचले की चव जाते, सगळ्या तलवारी सारख्याच वाटायला लागतात. म्हणून दोन भागांमध्ये एक बारीक आणि फँटसी नसलेलं पुस्तक घालायचं ही सवय मला फार लाभली. अ‍ॅगथा ख्रिस्तीचं 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) यासाठी उत्तम, दहा माणसं, एक बेट, कमी होत जाणारी संख्या, पाचशे पात्रांच्या जगातून आल्यावर हे म्हणजे अंगावरचं ओझं उतरवल्यासारखं. आणि कधी कधी योगायोगानं दोन पुस्तकं एकमेकांशी बोलतात. फिट्झची पहिली तीन वाचताना मधेच मी इशिगुरोचं 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९) घेतलं, एका म्हाताऱ्या बटलरची गोष्ट, ड्रॅगन नाही काही नाही, आणि लक्षात आलं की दोघंही तेच करतायत, मालकाच्या सेवेत आयुष्य घालवलंय आणि सांगताना स्वतःपासूनच काहीतरी लपवतायत. त्यानंतर फिट्झचं 'मी ठीक होतो' हे वाक्य मी कधी सरळ घेतलं नाही.

कोणाला सुचवायचं असेल तर आपलं लाडकं देऊ नका, त्यानं शेवटचं कोणतं पुस्तक रात्री जागून संपवलं ते विचारा आणि त्याच्या जवळचं एक, फक्त एक, द्या. सेट देऊ नका. वाचलं का म्हणून आठवड्याला विचारू नका, मी विचारायचे, दोन माणसं टाळायला लागली.

आणि वहीतल्या त्या तीन ओळी फेकू नका. अर्थसीची पहिली तीन पुस्तकं १९७२ पर्यंत आली आणि मग ले ग्विननं अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, 'तेहानू' लिहिलं, त्याच जगात परत जाऊन, पण या वेळी चूल, शेळ्या, भाजलेली एक लहान पोर आणि तिला सांभाळणारी मध्यमवयीन बाई यांच्या बाजूनं. आधीच्या पुस्तकांत जादू पुरुषांची आणि शहाणपणही पुरुषांचं होतं, हे तिचं तिलाच खटकलं होतं, आणि ती पुस्तकं न बदलता तिनं शेजारी हे ठेवलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीत लिहिलंय, 'पकाऊ. काही होतच नाही. गेड कुठाय?' त्याच्या खाली सात वर्षांनंतरच्या तारखेनं दुसऱ्या शाईत लिहिलंय, 'दरवाज्याला कडी लावतानाचा प्रसंग. झोप लागली नाही.' वरची ओळ मी खोडलेली नाही.